कुठल्या मास्तराची मास्तरीण

भोर अजून संस्थान होतं आणि पुण्याहून मोटार आली की भोरच्या चौकात तिच्याभोवती माणसं जमत, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या करंजवाडीत त्या काळी मास्तर एकच होते, त्यामुळे मास्तरीणही एकच होती. मास्तरांचं नाव सावळाराम, आणि मास्तरीण म्हणजे त्यांची बायको. तिला वाचता येत नसे, पण गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. पाटलीण पाटीलकी करत नाही, सुतारीण रंधा मारत नाही, मग मास्तरणीनंच पाटीपेन्सिल का हातात घ्यावी? नवऱ्याचा धंदा बायकोच्या नावाला चिकटतो, हाताला नाही. व्याकरणाचा हा एवढा नियम गावातल्या बायाबाप्यांना पक्का ठाऊक होता, आणि तो सावळाराम मास्तरांनी शिकवलेला नव्हता.

मास्तरीण असण्याचे फायदे मात्र उघड होते. वेलावरची पहिली काकडी मास्तरणीच्या घरी जायची. हळदीकुंकवाला तिला बसायला पाट मिळायचा, बाकीच्यांना जमीन. मुख्य म्हणजे ती सावलीत असे. भातलावणीच्या दिवसांत सगळ्या बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असताना ही ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली दिसायची. गावात तिचा हेवा करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांत धोंडाबाईंचा नंबर बराच वर होता.

धोंडाबाई म्हणजे कुंडलिकतात्यांची बायको. घर खाऊनपिऊन सुखी, दावणीला दोन म्हशी, बैलजोडी देखणी, आणि लेक एकच, साळू. भोरात धोंडाबाईंचा धाकटा भाऊ आनंदराव शाळाखात्याच्या कचेरीत पट्टेवाला होता. त्याची बायको आजारी असायची, म्हणून साळूला लहानपणीच मामीच्या हाताखाली धाडलं होतं. मामीनं तिला घरकाम शिकवलं आणि मामानं, कचेरीत जाता जाता, मुलींच्या शाळेत सोडलं. एकदा सोडलेली मुलगी परत आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अठरा पूर्ण होता होता साळू फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पास होऊन घरी आली. फायनल म्हणजे काय हे करंजवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण अठरा म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लग्नाचं वय उलटलेल्या पोरीकडे जसं बघतात तसं गाव तिच्याकडे बघू लागलं.

धोंडाबाई भाकरी थापत असताना साळू चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आये, मला मास्तरीण व्हायचंय. मामानं जागाबी बघून ठेवलीय."

धोंडाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. लेकीनं स्वतःच्या तोंडानं विषय काढला हे त्यांना थोडं आगाऊपणाचं वाटलं, पण विषय चांगला होता. पोरीच्या तोंडून पुरुषाची चौकशी करायची नसते, म्हणून त्यांनी फक्त गाव विचारलं. भोंगवली, असं उत्तर आलं. पाण्याचं कसं, हे विचारलं. विहिरीला बारमाही आहे म्हणतात, असं कळलं. धोंडाबाई म्हणाल्या, मग बरं हाय.

आई इतकी सुधारलेली असेल असं साळूला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कुंडलिकतात्यांना ही बातमी गोठ्यात कळली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुठल्या मास्तराची?"

"भोंगवलीच्या. आनंदानं बघितलाय," धोंडाबाई म्हणाल्या.

तात्यांचं मत ठाम होतं, आणि त्यांची सगळीच मतं ठाम असत. मास्तर हा माणूस म्हणून वाईट नसतो, पण जावई म्हणून त्याचा काही उपयोग नाही, असं त्यांनी म्हशीची धार काढता काढता बायकोला ऐकवलं. मास्तर दूध विकत घेतो. त्याला झाडावर चढता येत नाही. बदली झाली की भांडीकुंडी दुसऱ्याच्या गाडीत घालून तो चालता होतो, आणि ज्या गावात शेवटी निवृत्त होतो तिथं त्याला कुणी ओळखत नाही. शिवाय तो भित्रा असतो. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार म्हटलं की सावळाराम मास्तर शाळा सारवून घेतात, पोरांना ओढ्यावर नेऊन आंघोळ घालतात आणि स्वतः देवळात जाऊन बसतात. असल्या माणसाला पोरगी देण्यापेक्षा ती घरात राहिलेली परवडली.

धोंडाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तरीण चिखलात उतरती का?"

तात्या खाली मान घालून धार काढत राहिले. म्हशीनं मात्र पाय झाडला.

तरीही तात्या माणूस न्यायी. मास्तराची जात एकदा जवळून पाहावी म्हणून ते दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बसले. मास्तरांना वाटलं, तक्रार आहे. त्यांनी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि तात्यांना पानाची चंची पुढे केली. तात्यांनी सरळच विचारलं, मास्तर, तुमी तुमची लेक मास्तराला दिली असती का? सावळाराम मास्तर पान लावता लावता थांबले. त्यांनी आपली थोरली जंगलखात्यातल्या राखणदाराला दिली होती, धाकटीसाठी पोलिसात बघत होते, आणि मुलाला तर तलाठी करायचं असं त्याच्या बारशालाच ठरलं होतं. मग तुम्ही स्वतः कसे झालात मास्तर, असं तात्यांनी विचारल्यावर मास्तर म्हणाले की त्यांच्या वडिलांनी त्यांना विचारलं नव्हतं. पाढे बारावर येऊन अडकले होते. मास्तरांनी पान तोंडात घातलं आणि ते सोडवायला गेले.

तात्यांचं मत आता मास्तरानंच कायम करून दिलं होतं. तरी धोंडाबाईंनी थांबायचं नाव घेतलं नाही. त्यांनी पाणवठ्यावर बातमी फोडली की आपली साळू मास्तरीण होणार. बायका साळूला पाहायला येऊ लागल्या. त्या कौतुकानं गालावरून हात फिरवत, आणि साळूला वाटे, आपल्या गावाला शिक्षणाची केवढी कदर.

शेजारच्या ठकुबाई मात्र कौतुकाबरोबर चौकशीही करणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी साळूला विहिरीवर गाठलं आणि विचारलं, "पोरं हायती का गं तितं?"

"हायती की," साळू म्हणाली. "पहिलीची पंधरा, दुसरीची आठ."

ठकुबाईंनी घागर कमरेवरून खाली ठेवली. "आन त्यांचं समदं तूच करायचं?"

"मग कोन करनार, काकू? त्याचसाठी तर जातेय."

ठकुबाई रिकामी घागर घेऊन तशाच धोंडाबाईंकडे गेल्या. मास्तराच्या दोन बायका होऊन गेल्या आहेत, पहिलीची पंधरा पोरं आहेत आणि दुसरीची आठ, हे त्यांनी एका दमात सांगितलं. दुसरी बिचारी लवकर गेली असावी, एवढी भर त्यांनी स्वतःच्या अंदाजानं घातली. धोंडाबाई मटकन खाली बसल्या. मास्तर सावलीत असतो हे त्यांना माहीत होतं. सावलीत बसून तो एवढं काही करत असेल हे माहीत नव्हतं.

साळूला याबद्दल विचारायचं कुणी? आईला धीर होत नव्हता आणि बापानं लेकीशी तिच्या नवऱ्याबद्दल बोलायची रीत नव्हती. तात्यांनी पटका बांधला, गाडी जुंपली आणि ते भोरला निघाले. नाही म्हणायचं ठरलेलं होतंच. पण असला माणूस सुचवल्याबद्दल मेहुण्याला चार शब्द ऐकवावेत, एवढीच इच्छा होती.

आनंदराव कचेरीच्या ओट्यावर पितळी बिल्ला घासत बसला होता. चहा झाला. तात्यांनी ठरवलं होतं की आधी त्याच्याच तोंडून सगळं काढून घ्यायचं आणि मग चिडायचं.

"जागा कशी हाय, आनंदराव?"

"जागा पक्की आहे, दाजी. पेन्शनीची."

"आदुगर कोन हुतं तितं?"

"एक बाई होती. बारा वर्षं काढली बिचारीनं. मग डोळे अधू झाले."

"मग?"

"मग काय, सोडलं तिला. नियमच आहे तसा."

तात्यांनी कपबशी खाली ठेवली. "आन दुसरी?"

"दुसरी हंगामी होती. पावसाळ्यापुरती. तिचं जमलं नाही."

पावसाळ्यापुरती बायको करणारा माणूस तात्यांनी आजवर ऐकला नव्हता. म्हैससुद्धा कुणी पावसाळ्यापुरती आणत नाही. त्यांनी आवाज शक्य तेवढा खाली ठेवला आणि आणखी कुणाकुणाचं चाललं आहे, असं विचारलं.

"तिघींचे अर्ज आहेत. पण साहेबांचा कल आपल्या साळूकडं. म्हणाले, पोरगी धट्टीकट्टी आहे, टिकेल."

"देनंघेनं?"

"आपण काही द्यायचं नाही, दाजी. तेच देतील, महिन्याच्या महिन्याला."

तात्या उभे राहिले. "आनंदराव, म्या पोरगी इकाया काढलेली न्हाई. मला त्या मास्तराचं त्वांड दाखवा. काय बोलायचं त्ये त्याच्याशीच बोलतो."

"कुठल्या मास्तराचं?" आनंदराव म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या डोक्यात उजेड पडला. पण तो पट्टेवाला होता, आणि नोकरीत एक गोष्ट पक्की शिकला होता. चिडलेल्या माणसाला समजावायचं नाही, त्याला नेऊन समोर उभं करायचं. त्यानं बिल्ला लावला, चला म्हणाला आणि दाजींना दोन गल्ल्या ओलांडून मुलींच्या शाळेच्या दारात आणलं.

आत मुली रांगेनं बसल्या होत्या. टेबलामागच्या खुर्चीवर नऊवारी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर हातात टोपी घेऊन एक जाडजूड गृहस्थ उभा होता. तात्यांनी त्याला ओळखलं. बाजारपेठेतला तुपाचा अडत्या. याच अडत्याच्या ओट्यावर तात्यांनी तुपाच्या घागरीसकट कितीतरी दुपारी काढल्या होत्या. बसा, असं हा माणूस कुणाला म्हणत नसे आणि आपण चुकलो असं तर मुळीच म्हणत नसे.

बाई त्याला विचारत होत्या की मुलगी आठवडाभर शाळेत का नाही. अडत्या म्हणाला, पाहुणे होते. बाई म्हणाल्या, पाहुणे तुमच्याकडे होते की मुलीकडे? अडत्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "चुकलं, बाई."

तात्यांनी आनंदरावाच्या दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं. "ह्या कुनाच्या मास्तरीण?"

"कुणाच्याच नाहीत, दाजी. ह्या स्वतःच्याच आहेत."

"म्हंजी ह्येंचं मालक मास्तर न्हाईत?"

"मालकांचं कापडाचं दुकान आहे. शिकवतात त्या ह्या. आणि आपली साळू जाणार ती अशीच. भोंगवलीला खुर्ची मोकळी आहे, नवरा नाही."

तात्यांनी तिथंच पहिलीच्या पंधरा आणि दुसरीच्या आठ पोरांचं विचारलं. पहिली आणि दुसरी म्हणजे काय, हे भिंतीवर लावलेल्या पाट्या दाखवून आनंदरावानं त्यांना समजावलं. बारा वर्षं काढलेली बाई आता सुखानं नातवंडं खेळवते आहे हेही सांगितलं. तात्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. अडत्या पायरीवर टोपी घालून, मान खाली घालून, त्यांच्या अंगावरून निघून गेला होता, आणि राम राम त्यानं आधी घातला होता.

परतीच्या वाटेवर, भाटघरच्या धरणाचं पाणी डाव्या हाताला चमकत असताना, तात्यांनी आपली मतं पुन्हा एकदा तपासली. एकही बदलावं लागलं नाही. मास्तर दूध विकत घेतो. साळू घरची म्हैस नेऊ शकते. मास्तराला झाडावर चढता येत नाही. साळू आंब्यावर चढते, ते आवरावं कसं हीच पंचाईत. मास्तर दिपोटीला भितो. साळू कुणाला भीत असल्याचं अजून कुणाला आढळलं नव्हतं. मास्तरकीत वाईट काहीच नव्हतं. आजवर ती चुकीच्या माणसांच्या हाती पडली होती, एवढंच. गाव येईपर्यंत हे आपलं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं, अशी त्यांची खात्री झाली होती.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. तेवीस पोरांचा उलगडा झाल्यावर धोंडाबाईंनी आधी देवाला हात जोडले. मग त्यांना बाकीचं कळलं, आणि त्यांनी साफ नाही म्हटलं.

लग्नाला राजी असलेली बायको नोकरीला नाराज का, हे तात्यांच्या आकलनापलीकडचं होतं. धोंडाबाईंना मात्र फरक लख्ख दिसत होता. मास्तराची बायको होणं निराळं. नवरा राबतो आणि बायको सावलीत बसते. ही स्वतःच राबणार आणि स्वतःच सावलीत बसणार, असं कुठं असतं? शिवाय गावात सांगून झालं होतं. आता नवऱ्याशिवायची मास्तरीण म्हणून लेक दाखवायची, तर ठकुबाईला काय सांगायचं? तात्या म्हणाले, अडत्या चुकलं म्हणाला ते सांग. धोंडाबाई म्हणाल्या, अडत्या ठकुबाईचा कोण लागतो?

साळूला एव्हाना आपलं लग्न ठरून, सवतींची तेवीस पोरं पदरात पडून, मोडलंही हे कळलं. ती इतकी हसली की धोंडाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. घरात दोघी एकमेकींना म्हशीमार्फत निरोप देऊ लागल्या. इकडे आनंदरावाचा सांगावा आला की साहेब फार थांबणार नाहीत, आठवड्याच्या बाजाराच्या आत काय ते कळवा, नाहीतर जागा दुसरीला जाईल.

बाजाराला चार दिवस उरले असताना धोंडाबाई अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. नेमक्या ठकुबाईही बसल्या होत्या. साळू समोर येऊन उकिडवी बसली आणि शेंगा पसरू लागली.

"आये, दोन बायकांच्या दादल्याकडं मला धाडाया निघाली व्हतीस," ती म्हणाली. "दादला न्हाई म्हनल्यावर काय बिनसलं?"

धोंडाबाईंनी शेंगांवरून नजर उचलली नाही. "नवरा असला तर मानूस घरात असतं. कसाबी असूंदे. तू तितं एकली. रातीला दार वाजलं तर कोन उघडनार?"

हे ऐकल्यावर साळू हसली नाही. आईनं आजवर पुढे केलेली सगळी कारणं वरवरची होती, आणि खरं कारण हे होतं. भोरात मामा होता, मामी होती. भोंगवलीत ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पण पोरीला शाळाखात्यानं नव्हे, आईनंच नाही म्हणावं, हेही तिच्या गळी उतरत नव्हतं. हातातली शेंग फोडत ती म्हणाली, "दार उघडाया तू चल की. मी पोरांकडं बघते, तू दाराकडं बघ."

"आन घर? हितं भाकरी कोन थापनार?"

तात्या ओसरीवर सुताचा दोर वळत होते. गेले काही दिवस आपलंच म्हणणं खरं ठरतंय असं त्यांना वाटत होतं, आणि अशा माणसाला थांबायचं कुठं हे कळत नाही. "भाकरी ती काय," ते म्हणाले. "म्याबी थापीन."

ठकुबाईंनी तेवढ्यात मान वर केली. "आयकलं बरं का म्या, भावजी," त्या म्हणाल्या.

साक्षीदार झाल्यावर तात्यांना माघार घेता येईना. धोंडाबाईंनी दोन दिवस नवऱ्याला भाकरी थापायला बसवलं. पहिल्या दिवशीच्या भाकरी बैलांनीसुद्धा हुंगून सोडल्या. दुसऱ्या दिवशीच्या त्यांनी खाल्ल्या. तेवढ्यावर धोंडाबाई तयार झाल्या. लावणीला आणि सुगीला आपण परत येणार, असं त्यांनी बजावलं. लावणीचं नाव काढल्यावर त्यांचा आवाज जरा उतरला, तो कुणाच्या लक्षात आला नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी आनंदरावाला होकार गेला.

शाळा सुरू व्हायच्या आधी तात्यांनी गाडीत कांबळी अंथरली, दोन बोचकी, तांदळाची गोणी, जातं आणि साळूची पेटी घातली, एक म्हैस मागं बांधली आणि मायलेकींना घेऊन ते निघाले. भोंगवलीच्या वेशीवर पाचदहा माणसं उभी होती. पुढे गेनबा नावाचे वयस्कर पंच होते. बाईंना घेऊन मास्तर येणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. कारण गाडी थांबताच त्यांनी तात्यांचे दोन्ही हात धरले आणि वाटेत त्रास तर झाला नाही ना मास्तर, असं विचारलं.

तात्यांना ते फारसं वाईट वाटलं नाही. त्यांनी पटका सारखा केला. शाळा कशी काय, पोरं येतात का, असं त्यांनी विचारायला घेतलंही होतं.

"ते गाडी हाकाया आल्यात," धोंडाबाई कांबळ्यावरून म्हणाल्या. "मास्तर ह्या हितं बसल्यात. ह्यास्नी आदी पानी द्या."

आईच्या तोंडून जन्मापासून कार्टी, भवाने आणि अगं ए यांखेरीज दुसरं नाव न ऐकलेली साळू आईकडे बघत राहिली. गेनबांनी तात्यांचे हात सोडले आणि साळूला वाकून राम राम घातला. एकानं पितळी तांब्या पुढे केला. तात्या खाली उतरून बैलांच्या माना मोकळ्या करू लागले.

मग धोंडाबाईंनी लेकीच्या कानाशी वाकून, पदर नीट घे भवाने, लोक बघत्यात, असंही सांगितलं. पण ते अगदी बारीक आवाजात.